कप्तानच्या बोटीची चकती

धक्क्यावर त्याला सगळे वायरमन म्हणत. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं, ते तिथेच राहिलं. बोटीचे दिवे, रेडिओ, पडद्यावर मासे दाखवणारं सोनार, यातलं काहीही रुसलं की लोक त्याच्या दुकानात येत. तो आधी पाच मिनिटं त्यांची खरडपट्टी काढी आणि मग वस्तू हातात घेई. माणूस तोंडाचा फाटका, पण कामाला चोख, असं लोक म्हणत. पाच महिन्यांपूर्वीपर्यंत तोही स्वतःबद्दल तेच म्हणत असे.

त्या सकाळी त्याची बहीण दुकानात आली तेव्हा तो एका रेडिओचं पोट उघडून बसला होता. बहिणीचं वय पंचेचाळीस, आणि घरात तिला अजून बेबीच म्हणत. लहानपणी लाडाने ठेवलेलं नाव, पुढे बदलायला कुणाला सवड झाली नाही. तिच्या काखेत एक जाडजूड कॅटलॉग होता आणि त्यातून कागदाचे कपटे खुणेला बाहेर डोकावत होते.

"दादा, मला ट्रान्सड्यूसर घ्यायचाय," ती म्हणाली. "धाकटी पाण्यात उतरवतेय."

वायरमनच्या हातातला स्क्रू खाली पडला. तो शोधायच्या निमित्ताने तो टेबलाखाली वाकला आणि हवा त्याहून जरा जास्त वेळ तिथेच राहिला.

थोरली आणि धाकटी या बेबीच्या नवऱ्याच्या दोन बोटी. नवऱ्याला सगळा धक्का कप्तान म्हणायचा, वायरमनही तेच म्हणायचा. हौसेने गळ टाकायला येणाऱ्या लोकांना कप्तान खोल समुद्रात घेऊन जाई, दिवसभर त्यांच्याकडून मोठे मासे ओढवून घेई, फोटो काढी आणि संध्याकाळी आणून सोडी. दोन्ही बोटी एकाच साच्यातून निघालेल्या, फक्त थोरलीचं इंजिन दांडगं. पाच महिन्यांपूर्वी एका शांत दुपारी, पाणी आरशासारखं असताना, थोरली बुडाली. कप्तान एकटाच होता. तो सापडला नाही.

"विकून का टाकत नाहीस धाकटी?" वायरमन टेबलाखालूनच म्हणाला.

"आणि खाऊ काय? तुझ्या शिव्या?" बेबीने कॅटलॉग टेबलावर आपटला. "एक जुना चालक मिळालाय, तो चालवायला तयार आहे. पण म्हणाला, बाई, पडदा नि सोनार नवं घाला. आजकालची गिऱ्हाइकं बोटीत पाय ठेवायच्या आधी पडदा बघतात."

हे खरंच होतं. ट्रान्सड्यूसर म्हणजे सोनारचं तोंड आणि कान एकदमच. बोटीच्या तळाशी बसून तो पाण्यात आवाज सोडतो, माशांवरून आणि समुद्राच्या तळावरून फिरून आलेला आवाज ऐकतो, आणि त्याने जे ऐकलं ते वर पडद्यावर दिसतं. पडदा कितीही मोठा घ्या, खालचा कान बहिरा असेल तर वर नुसती रांगोळी.

बेबीने अभ्यास केला होता. तिचं डोकं आधीपासून असंच. शाळेत वायरमनची गणितं तीच सोडवून द्यायची, चार वर्षांनी लहान असून. "आपल्याला साठ ते ऐंशी मीटर पाणी," ती म्हणाली. "म्हणजे मधल्या आवाजाचा हवा. जाड आवाज खोल जातो पण सगळं धूसर दाखवतो, बारीक आवाज स्वच्छ दाखवतो पण खोल जात नाही. बरोबर?"

"बरोबर."

"आणि बसवायचे तीन प्रकार. एक मागच्या फळीवर बाहेरून स्क्रूने. तो नको, वेगात बुडबुडे येतात आणि काही दिसत नाही. दुसरा आतून तळाला चिकटवायचा. तिसरा तळाला भोक पाडून, पितळेचा. चालक म्हणतो भोकातलाच घ्या, त्याच्यासारखं चित्र दुसरं कुणी देत नाही. थोरलीलाही तोच होता ना?"

"आतून चिकटवायचा घे," वायरमन घाईने म्हणाला.

"का?"

"उगाच चांगल्या बोटीला भोक कशाला?"

बेबी त्याच्याकडे बघत राहिली. ज्या माणसाने या धक्क्यावरच्या निम्म्याअधिक बोटींना भोकं पाडली होती, त्याच्या तोंडून हे ऐकून कुणीही बघत राहिलं असतं. तिची नजर त्याच्या डोक्यावरच्या भिंतीकडे गेली. तिथे एका तारेत चकत्या ओवून टांगल्या होत्या. गोल करवतीने तळाला भोक पाडलं की फायबरची जी वाटोळी चकती हातात येते ती वायरमन फेकत नसे. त्यावर बोटीचं नाव आणि तारीख लिहून तारेत ओवायचा. त्याच्या उस्तादाची ही सवय. चकतीची कड बघितली की त्या बोटीचा तळ किती जाड, कसा बनलेला, हे कायमचं कळतं. पुढच्या वेळी अंदाजपंचे काम करावं लागत नाही.

"दादा," बेबीचा आवाज बदलला. "थोरलीची चकती असेल ना तुझ्याकडे?"

"असेल कुठेतरी."

"मला दे. सगळी बोट ऐंशी मीटर खाली गेली. वर तिचा तेवढाच तुकडा उरलाय."

"शोधतो," वायरमन म्हणाला.

शोधायची काहीच गरज नव्हती. ती चकती त्याच्या टेबलाच्या खालच्या खणात, जुन्या फ्यूजांच्या डब्याखाली होती. थोरली बुडाली त्याच दिवशी त्याने ती तारेतून काढली होती.

आता ते सांगून टाकलेलं बरं, कारण वायरमनने ते पाच महिने कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

चार वर्षांपूर्वी त्याने थोरलीच्या तळाला भोक पाडलं. हंगाम दुसऱ्या दिवशी सुरू होणार होता, कप्तानची गिऱ्हाइकं ठरलेली होती आणि कप्तान डोक्यावर उभा राहून "झालं का, झालं का" करत होता. करवत आरपार गेली, चकती हातात आली, आणि वायरमनने तिची कड बघितली. वर फायबर, खाली फायबर, आणि मध्ये दोन बोटं जाडीचं हलकं लाकूड. बोट हलकी व्हावी म्हणून काही कारखाने तळ असा भरतात. अशा तळाला भोक पाडलं की काय करायचं हे त्याला उस्तादाने कान धरून शिकवलं होतं. भोकाच्या भोवतालचं लाकूड कोरून काढायचं, त्या जागी राळ भरायची, ती दगडासारखी घट्ट व्हायला दोन दिवस द्यायचे, आणि मग त्या राळेतून नवं भोक पाडायचं. नाहीतर नट आवळला की मधलं लाकूड दबतं, नट सैल पडतो, पाणी लाकडात शिरतं, लाकूड कुजतं, नट आणखी सैल होतो. हे काही एका दिवसात होत नाही. दोन वर्षं लागतात, तीन लागतात, पण होतंच.

दोन दिवस नव्हते. वायरमनने भोकाच्या कडेला सीलंट, म्हणजे फटी बुजवायचा चिकट लेप, भरपूर थापलं, ट्रान्सड्यूसर बसवला, नट आवळला आणि मनात म्हणाला, हंगाम संपला की काढून नीट करू. कप्तानला त्याने काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कप्तान थांबला असता. माणूस उतावळा होता पण मूर्ख नव्हता. खरं म्हणजे "दोन दिवस लागतील" असं म्हणायला वायरमनला कमीपणा वाटला. उद्या सकाळी बोट तयार, असा शब्द त्याने चारचौघांत दिला होता.

हंगाम संपला. चित्र इतकं सुरेख येत होतं की कप्तान येणाऱ्याजाणाऱ्याला पडदा दाखवायचा. "माझ्या मेहुण्याचं काम," म्हणायचा. आता ते उखडायचं म्हणजे आपलीच चूक चव्हाट्यावर आणायची. पुढच्या वर्षी, वायरमन म्हणाला. मग त्याच्या पुढच्या वर्षी. चालढकल करणाऱ्याला वर्षं फार स्वस्त मिळतात.

एवढंच असतं तरी जड होतं. पण एवढंच नव्हतं.

त्या दुपारी दुकानातला रेडिओ नेहमीसारखा चालू होता, सगळ्या बोटी ऐकतात त्या वाहिनीवर. चारच्या सुमारास कप्तानचा आवाज आला. तो शांत होता, थोडासा वैतागलेला. "पाणी येतंय," तो म्हणाला. "पंप चालू आहे, पुरत नाहीये. कुठून येतंय तेच कळत नाही. सगळे पाइप बघितले."

वायरमनला त्याच क्षणी कळलं. झोपायच्या फळीखाली, पाण्याच्या टाकीच्या मागे, जिथे टाकी हलवल्याशिवाय कुणाला दिसणार नाही अशा जागी त्याने ट्रान्सड्यूसर बसवला होता. त्याने माइक उचलला. बटणावर अंगठा ठेवला. एवढंच बोलायचं होतं की टाकी ओढ, मागे बघ, भोकात चिंध्या कोंब आणि वरून पाय रोवून बस. चिंध्यांनीसुद्धा निभलं असतं.

पण ती सगळ्यांची वाहिनी. तीसेक बोटी ऐकत होत्या, बंदराचं ऑफिस ऐकत होतं, समोरच्या गल्लीतला दुसरा वायरमन ऐकत होता. ह्याला दुकानात बसून कसं कळलं पाणी कुठून येतंय, असं सगळ्यांच्या मनात आलं असतं. त्याने माइक खाली ठेवला आणि कप्तानला मोबाइल लावला. तिथे मोबाइल लागत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी लावला. पुन्हा लावला. मध्ये कप्तान एकदा रेडिओवर म्हणाला, "खाली जाऊन परत बघतो." त्यानंतर तो काही बोलला नाही. जवळची बोट पोहोचेपर्यंत थोरली बुडाली होती.

चौकशी झाली. बंदराच्या ऑफिसाने वायरमनलाच बोलावलं, थोरलीची सगळी वायरिंग त्याची म्हणून. त्याने सांगितलं, पंपाची देखभाल नीट नव्हती. पुढचं लोकांनी जोडलं. शांत समुद्र, चांगली बोट, एकटा माणूस, पाणी कुठून येतंय ते कळत नाही म्हणतो. कप्तान अधूनमधून घ्यायचा हे सगळ्यांना माहीत होतं. झिंगलेला असणार, दुसरं काय. कागदावर आलं, चालकाचा निष्काळजीपणा. धक्क्यावर आलं, दारूत गेला. वायरमनने मान हलवली नाही आणि नाही असंही म्हटलं नाही.

बेबी चकती मागून गेली त्या दिवशी वायरमनने दुकानाचं दार आतून लावलं, चकती काढली आणि तिच्या कडेला करडा रंग फासला. मधलं लाकूड झाकेपर्यंत, दोन हात. वर बोटीचं नाव आणि तारीख होती तशीच राहू दिली. रंग वाळेपर्यंत तो समोर बसून राहिला. स्वतःची एवढी किळस त्याला आयुष्यात कधी आली नव्हती, पण किळस आली म्हणून हात काही थांबला नाही.

दोन दिवसांनी तो चकती घेऊन बहिणीच्या घरी गेला. बाहेरच्या खोलीत कप्तानचा फोटो होता तिथे आता नुसता खिळा होता. बेबीने चकती दोन्ही हातांत घेतली, बोटीच्या नावावरून अंगठा फिरवला आणि पदराने डोळे पुसले.

"रंग दिलास होय?"

"कड खरखरीत होती. हाताला लागली असती."

"एवढं कुणाला सुचतं," ती म्हणाली, आणि वायरमनला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

भाची आतून पाणी घेऊन आली. सोळा वर्षांची पोर, बापासारखी उंच. बापाच्या मागे बोटीवर जायला पूर्वी भांडण काढायची; आता धक्क्यावर फिरकत नसे. फोटो तिनेच काढून कपाटात ठेवला होता. वर्गातल्या कुणीतरी रेडिओवरचं बोलणं, "कुठून येतंय तेच कळत नाही," अडखळत, झिंगल्यासारखं बोलून दाखवलं होतं. सगळे हसले होते.

"मामा," तिने विचारलं, "तू रोज भेटायचास बाबांना. त्या दिवशी सकाळी त्यांनी घेतली होती?"

त्या दिवशी सकाळी कप्तान दुकानात आला होता, वायरमनच्याच थर्मासमधला चहा प्याला होता आणि आरशात बघून केसही विंचरून गेला होता. "मी काही बघितलं नाही," वायरमन म्हणाला.

"म्हणजे घेतली असेल," पोर म्हणाली आणि आत निघून गेली. बेबी तिच्या मागे बघत राहिली. "आधी मी भांडायचे लोकांशी," ती म्हणाली. "आता मलाही त्याचा रागच येतो. घरी बायको-पोर आहे, एक दिवस शुद्धीत राहता येत नव्हतं?"

वायरमन पाणी प्यायला.

त्या आठवड्यात धाकटी पाण्यात उतरली. वायरमनचा सगळा जीव आता एका गोष्टीत अडकला होता. साचा एक असला तरी धाकटी दोन वर्षांनी बनली होती. कारखान्याने मधल्या काळात लाकूड घालायचं सोडलं असेल, तळ नुसत्या फायबरचा असेल, तर ट्रान्सड्यूसर आतून चिकटवता येईल. भोक नाही, चकती नाही, लाकडाचा विषय नाही. बेबीला त्याने पटवलं की आधी चाचणी करू. ती म्हणाली, "मीही येते. मला बघायचंय."

सकाळचे दहा वाजले होते. ऊन लख्ख, धक्क्यावर माणसांची वर्दळ. वायरमनने नवा पडदा तात्पुरता जोडला, रेडिओही नवा बसवला होता, तोही चालू करून ठेवला. मग ट्रान्सड्यूसर वायरीने बोटीच्या बाहेर पाण्यात सोडला. पडद्यावर लगेच तळ उमटला, सात मीटर, ठळक लाल रेघ, वर दोन-चार मासेही.

"वा," बेबी म्हणाली.

"हे झालं बाहेरून. आता तळाच्या आतून." त्याने एका प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरलं, ट्रान्सड्यूसर त्यात घातला, पायाखालची फळी उचलली आणि पिशवी तळावर दाबून धरली. फायबर भरीव असेल तर आवाज त्यातून आरपार जातो आणि पडद्यावर तीच रेघ दिसते.

"काय दिसतंय?" त्याने खालून विचारलं.

"काही नाही. काळं."

त्याने पिशवी वीतभर पुढे सरकवली. "आता?"

"काळंच."

त्याने अख्खा तळ पालथा घातला. गुडघे सोलवटले. प्रत्येक वेळी वरून बेबीचा आवाज यायचा, "काळं." शेवटी तो पिशवी हातात धरून तसाच बसून राहिला.

"का दिसत नाही?" बेबी खाली उतरून आली.

खोटं बोलायला त्याच्याकडे बरंच काही होतं. वायर खराब आहे, पिशवीत हवा आहे, पडदा नवीन आहे. पण बहीण हुशार होती आणि तो थकला होता. "तळात लाकूड आहे," तो म्हणाला. "दोन फायबरच्या मध्ये. लाकडात आवाज मरतो."

"मग भोकच पाडावं लागेल."

"हो."

"लाकडात पाणी नाही जाणार?"

"भोकाभोवतीचं लाकूड काढून राळ भरायची. मग नाही जात."

"किती वेळ लागतो?"

"दोन दिवस."

ती हिशेबी डोक्याची बाई मनातल्या मनात चार वर्षं मागे जात होती, आणि वायरमनला ते जाणं दिसत होतं. "थोरलीला तू सकाळी आठला सुरुवात केलीस," ती हळू म्हणाली. "मी दहाला पोहे... नाही, चहा आणि बिस्किटं घेऊन आले होते. तू नट आवळत होतास. मला म्हणालास, पाना दे."

वायरमनने पिशवीचं तोंड घट्ट धरलं.

"दोन्ही एकाच साच्यातल्या."

बेबीने खांद्यावरची पिशवी उघडली. चकती ती बरोबर घेऊन फिरत होती, रुमालात गुंडाळून. तिने घराची किल्ली काढली आणि चकतीच्या कडेवरचा रंग खरवडायला लागली. करड्या रंगाचा भुगा तिच्या मांडीवर पडला. मग पिवळट लाकूड दिसलं. तिने पूर्ण गोल फिरवून सगळीकडून खरवडलं, एकदा बघून जणू भागणार नव्हतं.

"म्हणून रंग दिलास," ती म्हणाली.

मग त्याने सांगितलं. हंगाम, दिलेला शब्द, सीलंट, पुढच्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी, पंपाबद्दलची खोटी साक्ष. बोलताना तो तिच्याकडे बघू शकला नाही, पिशवीतल्या पाण्याकडे बघत राहिला.

बेबी रडली. आवाज न करता, बराच वेळ. मग तिने नाक पुसलं आणि तिच्या चेहऱ्यावर आलं ते वायरमनला अपेक्षित नव्हतं. तिचा चेहरा सैल झाला होता.

"म्हणजे तो प्यायला नव्हता," ती म्हणाली.

"नव्हता."

"पोरीला सांगते. आजच सांगते." तिने चकती उराशी धरली. "त्यानेच घाई केली असेल रे तुला. मला माहितीये ना तो कसा होता. तुला काय स्वप्न पडलं होतं बुडेल म्हणून? चुकलास. फार चुकलास. पण तू काही मुद्दाम नाही..."

वायरमनला इथे थांबता आलं असतं. तिने दार उघडून दिलं होतं, नुसतं आत पाऊल टाकायचं होतं. बहीण राहिली असती, भाची राहिली असती, वर्षा-दोन वर्षांत पुन्हा येणंजाणं सुरू झालं असतं.

"शेवटी म्हणाला ना, कुठून येतंय कळत नाही," बेबी बोलतच होती, स्वतःशीच. "कुणीतरी सांगायला हवं होतं रे त्याला. कुणाला माहीत असतं तर."

"मला माहीत होतं," वायरमन म्हणाला.

"आता. आता माहीत आहे."

"तेव्हाच. रेडिओ चालू होता दुकानात. माइक हातात होता माझ्या."

बेबीने त्याच्याकडे बघितलं. तिला लगेच कळलं नाही. मग कळलं.

"बोलला का नाहीस?"

"सगळे ऐकत होते."

वर धक्क्यावर कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं. बोट किंचित हलली आणि धक्क्याला लावलेल्या टायरवर घासली. बेबी उठली. तिने चकती रुमालात गुंडाळली, पिशवीत ठेवली, मांडीवरचा रंगाचा भुगा झटकला. वायरमनला वाटलं ती आता उतरून जाईल. ती शिडी चढून चालकाच्या जागेपाशी गेली आणि थांबली.

"वर ये," ती म्हणाली.

तो वर गेला. तिने नव्या रेडिओचा माइक काढला आणि त्याच्यापुढे धरला. त्या माइकची वायर त्याने कालच जोडली होती. रेडिओवर सगळ्यांच्या वाहिनीचा आकडा दिसत होता.

"आता बोल."

"बेबी, मी ऑफिसात जाऊन लेखी देतो. आज देतो."

"ते देशीलच. आधी इथे बोल. तेव्हा जे ऐकत होते ते सगळे आताही ऐकतायत." तिचा आवाज चढला नव्हता. "माझ्या पोरीच्या बापाचं बोलणं याच्यावरच ऐकून लोकांनी त्याची नक्कल केली. मला ह्याच्यावरच हवंय."

वायरमनने माइक घेतला. अंगठा बटणावर ठेवला. पाच महिन्यांपूर्वी तो जिथे थांबला होता बरोबर तिथेच येऊन तो पुन्हा उभा होता, फक्त आता कुणी वाचणार नव्हतं. त्याने बटण दाबलं.

त्याने आधी स्वतःचं नाव सांगितलं, दाखल्यावरचं, पूर्ण. मग म्हणाला, "थोरली बुडाली ती माझ्यामुळे. तळाला पाडलेलं भोक मी नीट भरलं नव्हतं. पाणी तिथून आलं. कप्तान विचारत होता तेव्हा मला माहीत होतं, आणि मी सांगितलं नाही. तो प्यायलेला नव्हता." त्याने बटण सोडलं.

रेडिओवर नुसती खरखर. धक्क्यावरच्या दोन बोटींवर माणसं हातातलं काम टाकून उभी राहिली. मग बंदराच्या ऑफिसातल्या बाईचा आवाज आला, रोजचा, सरकारी. "नीट ऐकू आलं नाही. कृपया पुन्हा सांगा."

वायरमनने बेबीकडे बघितलं. ती धक्क्याकडे तोंड करून उभी होती.

"सांग," ती म्हणाली.

त्याने बटण दाबलं आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.